परदेशवारीसाठी चालायचे बूट: कोणती गोष्ट कधी करायची

व्हिसा, तिकिटं, हॉटेलं सगळं दोन-तीन महिने आधी ठरतं. बूट मात्र निघायच्या आधीच्या शनिवारी घाईघाईत घेतले जातात. दुकानाच्या गालिचावर दहा पावलं टाकायची, आरशात बघायचं, ‘मऊ आहेत’ म्हणायचं आणि पैसे द्यायचे. त्यानंतर तिसऱ्या दिवशी टाचेला फोड, चौथ्या दिवशी करंगळी सोलवटलेली, आणि पाचव्या दिवशी अनोळखी शहरात औषधाचं दुकान शोधत फिरायचं.

यात बूट वाईट असतात असं क्वचितच घडतं. बिघडतो तो क्रम. रंग आणि कंपनी आधी ठरते, मग साइज, मोजे शेवटी, आणि कुठे चालायचंय याचा विचार विमानात. म्हणून पुढच्या पायऱ्या खाली दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या तीन पायऱ्या होईपर्यंत बुटांच्या दुकानात जाऊ नका, ऑनलाइनही बूट बघू नका.

१. आधी रस्ता बघा (निघण्याच्या सहा आठवडे आधी)

प्रवासाचा कार्यक्रम समोर घ्या आणि प्रत्येक दिवसापुढे तीन गोष्टी लिहा: अंदाजे किती चालणं, पायाखाली काय असेल, आणि बूट किती वेळा काढावे लागतील.

शहर बघण्याच्या दिवसात पंधरा ते वीस हजार पावलं सहज होतात, म्हणजे साधारण १० ते १४ किलोमीटर. रोज घर ते ऑफिस करणाऱ्या पायांना सलग आठ दिवस हे करायची सवय नसते. त्यातही चालण्यापेक्षा जास्त दमवतं ते उभं राहणं. संग्रहालयात दगडी फरशीवर तीन तास रेंगाळत फिरलं की पोटऱ्या आणि तळवे जे बोलायला लागतात, ते डोंगर चढूनही बोलत नाहीत.

पायाखालची जमीन शहरागणिक बदलते. रोमच्या जुन्या भागात काळ्या दगडाचे छोटे ठोकळे बसवलेले आहेत. त्यांच्यामधल्या फटींत पाऊल मुरगळतं आणि पातळ सोलमधून प्रत्येक दगड तळव्याला कळतो. लिस्बनचे पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या लहान तुकड्यांचे आहेत. वर्षानुवर्षांच्या वापराने ते गुळगुळीत झालेत, त्यात शहर चढउताराचं, म्हणजे पाऊस पडला की घसरगुंडीच. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरचा संगमरवर कोरडा असतानाही निसरडा लागतो. जॉर्डनमधल्या पेत्रात वाळू आहे आणि वरच्या मठापर्यंत सुमारे ८०० पायऱ्या. जपानमध्ये मंदिरं, पारंपरिक निवास आणि काही खाणावळींत बूट दारातच काढावे लागतात. तिथे घोट्यापर्यंत नाड्या बांधायचे बूट नेलेत तर दिवसभर दारात वाकून बसाल.

*इशारा:* न्यूझीलंडला जाताना वापरलेले ट्रेकिंगचे बूट सोबत असतील तर ते विमानतळावर जाहीर करावे लागतात. ऑस्ट्रेलियातही बुटांना चिकटलेल्या मातीबद्दल नियम कडक आहेत. सोलच्या खाचांतली माती घरीच ब्रशने काढून, धुऊन, वाळवून न्या.

*तपासणी:* आठ दिवसांपैकी सात दिवस फरसबंद शहरात आणि एक दिवस दोन तासांची पायवाट असेल, तर बूट सात दिवसांसाठी घ्या. त्या दोन तासांपायी अख्खा प्रवास जड ट्रेकिंग बुटांत काढण्याची चूक फार जण करतात.

२. पाय मोजा, लक्षात असलेला नंबर विसरा

‘माझा आठ नंबर’ हे वाक्य बहुतेकांनी कॉलेजात ठरवलेलं असतं. वयानुसार, वजनानुसार, गरोदरपणानंतर पावलं पसरतात आणि लांबतातही. म्हणून या प्रवासासाठी नव्याने मोजा.

मोजायची वेळ संध्याकाळची. दिवसभरात पायांना थोडी सूज येते, आणि बूट घालून तुम्ही फिरणार आहात ते याच पायांनी. कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला लावा आणि दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा. रेघ दुसऱ्या कोणाला तरी मारायला सांगा. स्वतः वाकून मारली की वजन सरकतं आणि माप चुकतं. पेन्सिल सरळ उभी धरायची. ती आत कलली की पाऊल कागदावर लहान दिसतं.

आता भिंतीपासून सर्वांत लांब बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असं नाही. बऱ्याच जणांचं दुसरं बोट पुढे असतं, आणि अंगठ्याच्या हिशोबाने घेतलेले बूट मग त्याच बोटाचं नख काळं करतात. चवड्याची रुंदीही मोजा. दोन्ही पाय मोजा, कारण ते क्वचितच सारखे असतात. मोठ्या पायाचं माप ते तुमचं माप.

नंबरांचा गोंधळ एकदा समजून घ्या. ब्रिटिश नंबरात एका आकड्याचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटरचा असतो, युरोपीय नंबरात पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे एकातून दुसऱ्यात बदलताना आकडे नीट जुळत नाहीत, आणि प्रत्येक कंपनी ते आपापल्या पद्धतीने जुळवून घेते. पुरुषांचा ब्रिटिश ८ म्हणजे साधारण अमेरिकी ९ आणि युरोपीय ४२, पण ‘साधारण’ हा शब्द इथे महत्त्वाचा. अमेरिकी पद्धतीत बायकांचा नंबर त्याच लांबीच्या पुरुषी नंबरापेक्षा दीड-दोनने जास्त असतो. ऑनलाइन घेणार असाल तर त्या कंपनीचाच तक्ता उघडा आणि मिलिमीटरवरून नंबर काढा.

*इशारा:* बूट रुंदीला घट्ट असेल तर लांबीचा मोठा नंबर घेऊन प्रश्न सुटत नाही. टाच सैल होते, पाय आत पुढे-मागे सरकतो आणि फोड येतात. त्याच नंबरात रुंद साचा मागा. अमेरिकी खुणांनुसार पुरुषांत ‘डी’ नेहमीची रुंदी, ‘टू-ई’ रुंद आणि ‘फोर-ई’ त्याहून रुंद. बायकांत ‘बी’ नेहमीची आणि ‘डी’ रुंद. चवडा रुंद असलेल्या बायकांनी पुरुषी साचाही घालून बघायला हरकत नाही. बूट कोणाच्या कपाटातला आहे हे पायाला कळत नाही.

३. मोजे बुटांच्या आधी घ्या

ही पायरी सगळ्यात लहान आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारी. मोज्याची जाडी बदलली की बुटाचं मापही बदलतं. दुकानात ठेवलेले पातळ नायलॉनचे मोजे घालून बूट बघायचे आणि प्रवासात जाड मोजे घालायचे, म्हणजे आपणच बूट अर्ध्या नंबराने लहान करून घेणं.

निव्वळ सुती मोजे टाळा. सूत घाम धरून ठेवतं, ओली त्वचा मऊ पडते आणि घर्षणाने लवकर सोलवटते. मेरिनो लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे घाम बाहेर टाकतात आणि रात्रीत वाळतात. बोटांवरची शिवण सपाट आहे ना, हे मोजा उलटा करून बघा. तीन-चार जोड पुरतात, रोज रात्री एक धुवायचा. बुटांचा गळा टाचेच्या वरपर्यंत येत असेल तर घोट्याखाली संपणारे मोजे नकोत. बुटाची कड थेट कातडीवर घासते.

४. प्रकार ठरवा

शहरी प्रवासाला चालण्याचे किंवा रोजच्या धावण्याचे बूट पुरतात. पक्क्या रस्त्यासोबत मातीच्या वाटाही असतील तर हलके ट्रेल शूज. घोटा झाकणारे बूट खडबडीत, लांब वाटांसाठी किंवा बर्फासाठी. फॅशनचे सपाट कॅनव्हास बूट फोटोत छान दिसतात, पण त्यांच्या सोलमध्ये पावलाखाली जवळपास काही नसतं.

फार मऊ, जाड फोमच्या बुटांबद्दल सावध राहा. दुकानात ते ढगासारखे लागतात, म्हणून तेच पटकन विकले जातात. पण त्यावर तासन् तास उभं राहिलं की पाऊल आत-बाहेर डोलत राहतं आणि ते सावरण्यात घोटे थकतात. थोडा घट्ट फोम पहिल्या मिनिटाला कमी आवडतो, सातव्या तासाला जास्त.

वॉटरप्रूफ घ्यावेत का, हा प्रश्न हमखास येतो. पाणी अडवणारा पडदा बाहेरचं पाणी रोखतो, तसा घामाची वाफ बाहेर जाण्याचा वेगही कमी करतो. उन्हाळ्यात पाय आत शिजतात. आणि मुसळधार पावसात पाणी वरच्या गळ्यातून एकदा आत शिरलं की ते बाहेर पडत नाही, बूट वाळायला दुप्पट वेळ. माझं मत: बर्फ, थंडी किंवा रोजचा रिमझिम पाऊस असेल तर घ्या, एरवी जाळीदार बूट आणि पिशवीत जादा मोजे बरे.

टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक बहुतेक नेहमीच्या बुटांत ८ ते १२ मिलिमीटर असतो. काही बुटांत तो शून्य ठेवलेला असतो. तसे बूट चांगले की वाईट हा वाद वेगळा. पण सवय नसताना थेट प्रवासात घातले तर पोटरी आणि टाचेमागच्या स्नायूबंधावर ताण येतो, एवढं पक्कं.

५. हातात घेऊन बघा

घालायच्या आधी तीन गोष्टी करा, दोन मिनिटं लागतात.

वाकवा. बूट चवड्यापाशी, जिथे बोटं वाकतात तिथेच वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर कमानीला आधार नाही.

पिळा. टाच एका हातात आणि पुढचं टोक दुसऱ्या हातात धरून ओला कपडा पिळतात तसं करा. थोडा वळावा, पण फडक्यासारखा पिळला जाऊ नये.

दाबा. टाचेमागची वाटी दोन बोटांनी दाबा. ती सहज आत गेली तर टाच जागेवर राहणार नाही.

मग उलटा करून तळ बघा. ज्या भागावर रबर नाही, नुसता फोम उघडा आहे, तो ओल्या दगडावर घसरतो आणि लवकर झिजतो. गुळगुळीत दगडांच्या शहरांसाठी बारीक चिरांचं, सपाटसर रबर चांगलं. खोल दात्यांचा तळ मातीत पकड देतो, पण गुळगुळीत फरशीवर त्याचा थोडाच भाग टेकतो.

६. पायात घालून बघा, घाई न करता

संध्याकाळी जा, आपले मोजे घेऊन जा, आणि तुमचा कागदही सोबत ठेवा.

सुरुवात इनसोलपासून. बहुतेक बुटांतला वरचा सैल थर बाहेर काढता येतो. तो जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. पाऊल कडेने बाहेर सांडत असेल तर तो बूट अरुंद आहे, पुढे जाऊ नका. बोटांच्या पुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. वरून अंगठ्याने दाबून बघण्यापेक्षा हे खात्रीचं, कारण दाबलं की माणूस नकळत बोटं आखडतो.

आता इनसोल परत घाला, बूट घाला आणि नाड्या नीट बांधा. बसून बांधा, मग उभे राहा. दोन्ही पायांत घाला. एकच पाय घालून निर्णय घेणारे नेमके मोठा पाय विसरतात.

दहा पावलं पुरेशी नाहीत. पंधरा-वीस मिनिटं घालून दुकानात फिरा. जिना चढताना टाच किती उचलली जाते ते बघा, किंचित हालचाल चालेल, सटकणं चालणार नाही. उतारावर, किंवा जिन्याच्या कडेवर बोटं खाली करून उभे राहा. बोटं पुढे आपटली तर लांबी कमी आहे किंवा नाड्या सैल आहेत. नाड्या घट्ट करूनही आपटत असतील तर तो बूट सोडा. शेवटी कठीण फरशीवर पाच मिनिटं नुसते उभे राहा.

*इशारा:* ‘वापरून सैल होतील’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. चामडं थोडं पसरतं. जाळी आणि कृत्रिम कापडाचे बूट जवळजवळ पसरत नाहीत. करंगळी किंवा अंगठ्याचा सांधा दुकानातच दबत असेल तर तो आठव्या दिवशीही दबणार.

पावलाची कमान उंच की सपाट यावरून बूट सुचवणारे विक्रेते भेटतील. ओल्या पावलाचा ठसा कागदावर घेऊन ठरवायची पद्धतही चांगलीच पसरली आहे. त्यावर फार अवलंबून राहू नका. अनेक बूट घालून त्यातला जो पायात सर्वांत कमी जाणवतो, तो निवडा. टाचदुखी किंवा पावलाचं जुनं दुखणं असेल तर ते विक्रेत्याला सांगून भागणार नाही, डॉक्टरांना विचारा.

*इशारा, मधुमेह असलेल्यांसाठी:* पायांची संवेदना कमी असेल तर बूट चावतोय हे तुम्हाला कळणारच नाही. आतून हात फिरवून शिवणी तपासा. नवे बूट सुरुवातीला तासाभरापेक्षा जास्त घालू नका, आणि काढल्यावर पाऊल डोळ्यांनी बघा, तळव्याखाली आरसा धरून. लाल डाग राहिला तर ते बूट परत करा.

७. घरात, मग गल्लीत, मग लांब (निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी)

पहिले दोन-तीन दिवस घरातच, स्वच्छ फरशीवर, रोज तासभर. तळ मळला नसेल तर बरीच दुकानं बूट बदलून देतात. बिल आणि खोका जपून ठेवा. घरातल्या त्या तासात कुठे बोचलं तर तेव्हाच बदला, ‘बघू’ म्हणू नका.

मग बाहेर दोन-तीन किलोमीटर, हळूहळू वाढवत पाच-सहा. निघण्याआधी एकदा तरी प्रवासातल्यासारखा पूर्ण दिवस काढा: तेच मोजे, तीच पाठपिशवी, पाच-सहा तास बाहेर. हा दिवस लोक हमखास टाळतात आणि नेमका तोच दिवस सगळं सांगून जातो.

*तपासणी:* घरी आल्यावर मोजे काढून पाय बघा. गुलाबी चट्टा दिसला तर तिथे उद्याचा फोड आहे.

कपाटातले जुने बूट ‘अजून नवेच आहेत’ म्हणून बाहेर काढणाऱ्यांनी इथे थांबावं. काही बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेन असतं. हवेतल्या दमटपणाने ते वर्षानुवर्षं आतल्या आत कुजत जातं, बूट न वापरताही. बाहेरून चकचकीत दिसणारा सोल मग एका दिवसात भुसभुशीत होऊन सुटतो. माझा एक जोड असाच, चार वर्षं खोक्यात जपलेला, प्रवासाच्या दुसऱ्या दुपारी तळाशिवाय झाला. जुने बूट न्यायचे असतील तर सोल दाबून, वाकवून बघा आणि तो पूर्ण दिवस त्यांनाही द्या.

८. नाड्या बांधायला शिका

अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. टाच सटकत असेल तर सर्वांत वरची, एरवी रिकामी राहणारी भोकांची जोडी वापरा. नाडीचं टोक त्याच बाजूच्या वरच्या भोकातून बाहेरून आत घाला, म्हणजे तिथे छोटा फासा तयार होतो. दोन्ही बाजूंना करा. मग प्रत्येक टोक समोरच्या फाशातून ओवून खाली ओढा आणि नेहमीसारखी गाठ मारा. टाच जागेवर बसते आणि बोटांवर दाब वाढत नाही.

पावलाचा वरचा भाग दुखत असेल तर त्या जागेवरून नाडी आडवी नेऊ नका. तिथल्या दोन भोकांत ती कडेने सरळ वर न्या, त्याच्या वर पुन्हा फुली. जोराने बांधून त्रास लपवू नका, बोटं बधिर होतात.

९. विमान आणि तिथले दिवस

चालायचे बूट पायातच घालून निघा. जड असतात म्हणून सामानात जागा खातात, आणि बॅग उशिरा आली तरी दुसऱ्या दिवशी फिरता येतं. लांबच्या उड्डाणात पाय सुजतात, तेव्हा बसल्यावर नाड्या सैल करा आणि उतरण्याआधी पुन्हा बांधा.

दुसरा जोड हवाच. तोही चालण्याजोगा हवा, हॉटेलातल्या स्लिपरचा नव्हे. एकाच बुटात दहा दिवस काढले तर दाब रोज त्याच ठिकाणी पडतो, आणि आतला घाम वाळायला वेळ मिळत नाही. पट्ट्यांची चांगली चालायची सँडल गरम देशांत हे काम चोख करते.

पिशवीत चिकटपट्टी आणि जेलसारखी फोडाची पट्टी ठेवा. फोड यायच्या आधी तिथे गरम, चुरचुरल्यासारखं वाटतं. तेव्हाच थांबा, बाकावर बसा, मोजा काढा, जागा कोरडी करा आणि पट्टी लावा. ‘हॉटेलात गेल्यावर बघू’ म्हणत आणखी दोन किलोमीटर चाललात की तो फोड पुढचे चार दिवस तुमच्यासोबत फिरतो. आलेला लहान, न फुटलेला फोड फोडू नका. जेलची पट्टी एकदा लावली की रोज काढून बघायची नाही, ती स्वतः सुटेपर्यंत राहू द्या. ओढली तर खालची नवी त्वचा तिच्यासोबत निघते.

बूट भिजले तर इनसोल बाहेर काढा, नाड्या पूर्ण सैल करा, आत वर्तमानपत्र कोंबा आणि दोन तासांनी ते बदला. हीटरवर ठेवू नका. उष्णतेने सोलचा गोंद सुटतो आणि चामडं आखडून कडक होतं. पंख्याची हवा लागेल अशा जागी, तोंड वर करून ठेवलेले बूट बहुतेक वेळा सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात. इनसोल तोवरही दमट असला तर त्या दिवशी दुसरा जोड घाला.